पहिल्या प्राइडच्या माणसांचा सन्मान कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समलिंगी, ट्रान्स आणि इतर क्वीअर माणसांच्या हक्कांसाठी तुमच्या शहरात निघालेल्या पहिल्या प्राइड मोर्चाला येत्या हिवाळ्यात दहा वर्षं होतील. ज्यांनी तो काढला त्यांचा जाहीर सत्कार करायचा आहे. हॉल ठरला आहे, शाल-श्रीफळ आणि मानचिन्हांपुरते पैसे जमले आहेत. कुणाकुणाला बोलवावं आणि कार्यक्रमात आणखी काय असावं?

गेली सतरा-अठरा वर्षं मी महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या शहरांतल्या प्राइडमध्ये स्वयंसेवक म्हणून राबते आहे. अलीकडची काही वर्षं जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती रेकॉर्ड करण्यात आणि त्यांची कागदपत्रं जपण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगते, हॉल राहू दे, पण निमंत्रणपत्रिका अजून छापायला टाकू नका. आधी एकेकाला फोन करा. फोनवर पहिलं वाक्य सत्काराचं नको. आत्ता बोलायला मोकळे आहात का, एवढंच विचारा. मग भेटा, तेही त्यांच्या घरी नको, ते म्हणतील तिथे. आणि भेटल्यावर विचारा की तुमचं नाव जाहीरपणे घेतलेलं चालेल का.

हे मी ठेच लागून शिकले. काही वर्षांपूर्वी एका शहरात आम्ही असाच वर्धापनदिन केला. पहिल्या मोर्चाचा एक सुंदर फोटो होता, आठ-नऊ जण, बहुतेकांच्या चेहऱ्यावर मुखवटे. एकानं पाणी प्यायला मुखवटा कपाळावर सरकवला होता. वर्गणीचं पावती पुस्तक घेऊन महिनाभर दारोदार फिरलेला माणूस तो. आम्हाला वाटलं, याच्याइतका मान दुसऱ्या कुणाचा? फोटोचा मोठा फ्लेक्स करून हॉलबाहेर, रस्त्यावर लावला. दुपारी त्यांच्या पुतण्यानं तो पाहिला. घरी ऐंशी पार केलेली आई, तिला काही माहीत नव्हतं. त्यांचा मला फोन आला. ते रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. संध्याकाळच्या आत फ्लेक्स उतरवता येईल का, एवढंच म्हणाले. तासाभरात आम्ही तो उतरवला. ते कार्यक्रमाला आले नाहीत, आणि नंतर कुठल्याच मोर्चाला आले नाहीत. चूक आमची होती, माझी होती. त्यांचं पावती पुस्तक अजून माझ्याकडे आहे. ते कुठे दाखवायची वेळ आली की नावाचं पान मी उघडत नाही.

म्हणून नाव, चेहरा आणि आवाज या तिन्हींची परवानगी वेगवेगळी घ्या. आवाजाला हो म्हणणारा माणूस फोटोला नाही म्हणतो, आणि ते दोन्ही मनापासून असतं. ट्रान्स व्यक्तींना आजचं नाव विचारा आणि तेवढंच छापा. जुन्या पत्रकावर किंवा बातमीत जुनं नाव असेल तर ते पान प्रदर्शनात ठेवायचं का, हेही त्यांनाच ठरवू दे. जे आता हयात नाहीत त्यांच्याबाबत सगळ्यात जास्त सावध राहा. घरच्यांनी त्यांना अविवाहित काका म्हणून निरोप दिलेला असतो. त्यांच्या जवळच्या मित्रमैत्रिणींना विचारा, आणि खात्री नसेल तर नाव न घेता काम सांगा: ‘पहिल्या वर्षीची सगळी पत्रकं ज्यांनी हातानं लिहिली, ते.’ सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७च्या पुट्टस्वामी निकालात लैंगिक कल हा खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. आपण तो निकाल सरकारपुढे धरतो. आपल्या माणसांच्या बाबतीत तो आपणही पाळायला हवा.

आता कुणाला बोलवायचं ते. इथे घाई केली की गाडी एक-दोन नावांवर थांबते. मोर्चा म्हटलं की कॅमेऱ्यासमोर बोललेला माणूस आठवतो, कारण बातमीत त्याचंच नाव असतं.

कोलकात्याचं उदाहरण घ्या. २ जुलै १९९९ रोजी पार्क सर्कस मैदानातून पंधरा माणसं चालत निघाली. ‘फ्रेंडशिप वॉक’ हे त्याचं नाव. आपल्या देशातला पहिला प्राइड म्हणून तोच ओळखला जातो. थोडं अंतर एकत्र चालून त्यांनी दोन गट केले आणि मानवी हक्क व आरोग्याचं काम करणाऱ्या कार्यालयांत जाऊन आपलं म्हणणं मांडलं. पंधराच जण होते, तेव्हा यादी करणं सोपं असं वाटेल. पण त्या पंधरांच्या मागे काउन्सेल क्लब नावाचा गट होता. तो १९९३पासून काम करत होता आणि त्याच्याकडे लांबलांबच्या गावांतून पत्रं यायची, ‘माझ्यासारखा आणखी कुणी आहे का’ असं विचारणारी. पवन ढल हे त्या गटातले. त्यांनी ती पत्रं आणि कागद सांभाळले म्हणून आज ही गोष्ट आपण सांगू शकतो. पत्रांना उत्तरं लिहिणारे सगळेच रस्त्यावर नव्हते. त्यांना संस्थापक म्हणायचं की नाही? मी म्हणते. आणि त्या चालण्याला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, २ जुलै २००९ला, समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा नाझ फाउंडेशन खटल्याचा निकाल आला.

न्यूयॉर्कमध्ये स्टोनवॉल बारवरच्या पोलीस धाडीविरुद्ध झालेल्या उठावाच्या वर्षभरानंतर, २८ जून १९७० रोजी, जो पहिला मोर्चा निघाला त्याचा ठराव आधीच्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियातल्या एका बैठकीत झाला होता. क्रेग रॉडवेल, फ्रेड सार्जंट, एलन ब्रॉयडी आणि लिंडा ऱ्होड्स या चौघांनी तो तयार केला, आणि मांडला ब्रॉयडी यांनी. त्यापुढची कामं पाहा. फॉस्टर गनिसन खजिनदार झाले. सार्जंटनी रॉडवेल यांच्या पुस्तकाच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या पत्त्यांवर पत्रं पाठवून पैसे गोळा केले. ब्रेंडा हॉवर्ड या उभयलिंगी (बायसेक्शुअल) कार्यकर्तीनं मोर्चाच्या जुळवाजुळवीत स्वतःला झोकून दिलं आणि त्याभोवती आठवडाभराचे कार्यक्रम असावेत ही कल्पना पुढे नेली. ‘प्राइडची आई’ हे त्यांना मिळालेलं नाव बहुतेकांना फार उशिरा कळलं. त्या गेल्या २००५मध्ये, २८ जूनलाच.

झेंड्याचं तर मला नेहमी वाईट वाटतं. २५ जून १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्यांदा इंद्रधनुषी झेंडे फडकले. गिल्बर्ट बेकर यांचं नाव जगाला पाठ आहे, आणि त्यांचं श्रेय आहेच. पण कापड रंगवण्याची करामत होती लिन सेगरब्लॉम यांची, शिलाईत जेम्स मॅक्नमारा होते, आणि तीसेक स्वयंसेवक रंगाच्या पिंपांत हात बुडवून उभे होते. सेगरब्लॉम यांना आपलं नाव त्या गोष्टीत यावं म्हणून कित्येक वर्षं वाट पाहावी लागली. तुमच्या शहरातली सेगरब्लॉम कोण, ते शोधणं हे तुमचं पहिलं काम.

आपल्याकडचं सांगायचं तर मुंबईत १६ ऑगस्ट २००८ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीकडे मोठा मोर्चा निघाला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम इंग्रजांनी दिलेलं, त्याबद्दल त्यांनी माफी मागावी ही एक मागणी होती. जागा आणि तारीख दोन्ही विचार करून निवडलेल्या होत्या, आणि ‘आझादी’ हा शब्दही. तो मोर्चा काढणारं ‘क्वीअर आझादी मुंबई’ हे अनेक गटांचं आणि सुट्या माणसांचं मिळून झालेलं व्यासपीठ होतं. त्यामागे १९९०चं ‘बॉम्बे दोस्त’ हे मासिक होतं, अशोक राव कवी यांनी काढलेलं. १९९४ची हमसफर ट्रस्ट ही संस्था होती. १९९५मध्ये सुरू झालेला ‘स्त्री संगम’ हा लेस्बियन आणि उभयलिंगी स्त्रियांचा गट होता, तोच पुढे ‘लाबिया’ झाला. सत्काराच्या यादीत पहिले दोन हमखास येतात, तिसरं नाव मला दर वेळी आठवण करून द्यावं लागतं. पुण्यात ११ डिसेंबर २०११ला पहिला प्राइड निघाला तो समपथिक ट्रस्टनं काढला. बिंदुमाधव खिरे त्याचे प्रमुख, आणि त्याआधी जवळजवळ दहा वर्षं ही संस्था लोकांच्या आरोग्यासाठी, समुपदेशनासाठी काम करत होती. मोर्चाचा दिवस एकच असतो, पण तो निघण्याआधी अशी वर्षंच्या वर्षं गेलेली असतात.

आता तुमचं शहर. तुमचा पहिला मोर्चा निघाला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या ११ डिसेंबर २०१३च्या निकालानं ३७७ कलम पुन्हा लागू झालेलं होतं, आणि ते पुढे ६ सप्टेंबर २०१८पर्यंत राहिलं. अशा काळात पोलिसांच्या परवानगीचा अर्ज कुणी केला ते शोधा. त्या अर्जावर अर्जदाराचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि सही असते. मोर्चात मुखवटा घालता येतो, अर्जावर नाही. सही करणारा माणूस अनेकदा नंतर मागे राहिलेला असतो, पण माझ्या लेखी पहिला मान त्याचा किंवा तिचा.

त्यानंतर ज्यांना हमखास विसरतात ती माणसं. एचआयव्ही रोखण्याच्या टीआय (टार्गेटेड इंटरव्हेन्शन) प्रकल्पांत अल्पशा मानधनावर काम करणारे पिअर एज्युकेटर आणि आउटरीच वर्कर. रेल्वे स्टेशनच्या मागे, बागेत, नाक्यावर कंडोमची पिशवी घेऊन फिरणारे हेच लोक. लहान शहरांत मोर्चाला माणसं आणली ती यांनी, एकेकाचा विश्वास कमावून. प्रकल्पाची मुदत संपली की त्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि आपल्या आठवणीतून नावंही गेली. मग हिजडा समाजातल्या मोठ्या गुरू. त्यांना चेहरा लपवायची सोय नव्हती, रोजचं जगणंच उघड्यावर. पहिल्या रांगेत त्या चालल्या म्हणून मागच्यांना आडोसा मिळाला. त्यांना बोलवताना घराण्याची रीत समजून घ्या, आधी गुरूंना भेटा, परस्पर चेल्याला मंचावर बोलावू नका. मग ज्यांच्या घरात बैठका झाल्या त्या. माझ्या ओळखीच्या एका मैत्रिणीच्या दोन खोल्यांत सलग दोन महिने दर रविवारी पंधरा-वीस माणसं बसायची. घरमालकानं विचारलं तर ती सांगायची, भिशी आहे. चहा, पोहे, सगळा खर्च तिचा. तिचं नाव एकाही कागदावर नाही. आणि एखादी आई किंवा वडील, जे त्या दिवशी ‘माझं मूल आहे’ म्हणून शेजारी चालले. टेम्पोवाले, बॅनर शिवून देणारे शिंपी, फुकट सल्ला देणारे वकील, यांनाही विचारा. शिंपीदादांना बोलावलं तर ते येतात, आणि खूप खूश होतात.

यादी करताना भांडणं वर येतील. ती लपवू नका. फिलाडेल्फियात १९६५पासून दर ४ जुलैला समलिंगी हक्कांसाठी निदर्शनं व्हायची. त्यांत पुरुषांनी कोट-टाय आणि स्त्रियांनी स्कर्ट घालायचा नियम होता, आपण सभ्य, नोकरीला लायक माणसं दिसावीत म्हणून. १९६९च्या निदर्शनात दोन स्त्रिया हात धरून चालल्या तेव्हा निदर्शनांचे एक आयोजक फ्रँक कॅमेनी यांनी त्यांचे हात सोडवले. क्रेग रॉडवेल संतापले, आणि त्या वर्षीच्या न्यूयॉर्क मोर्चाच्या ठरावात स्पष्ट लिहिलं गेलं की या मोर्चाला कपड्यांचे आणि वयाचे नियम नसतील. २०१७मध्ये पुण्यात कपड्यांच्या सूचनांवरून जो वाद झाला आणि काही मंडळी वेगळी झाली, तो मला याच जातीचा वाटतो. मी स्वतः नियमांच्या विरुद्ध बाजूची आहे, साडी नेसलेल्या पुरुषाला रस्ता नाकारणारा प्राइड मला माझा वाटणार नाही. पण कॅमेनी यांची १९५७मध्ये सरकारी नोकरी गेली होती आणि त्यांनी एकट्यानं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला होता. त्यांची भीती कुठून आली ते समजतं. आपल्याकडेही ज्यांनी ‘जरा जपून’ म्हटलं त्यांनी आधीची पंधरा वर्षं पोलीस चौकीत जाऊन पोरं सोडवून आणलेली असतात. दोन्ही बाजूंना बोलवा. शेजारी बसवू नका, हवं तर वेगवेगळ्या सत्रांत बोलवा, पण दोघांची बाजू त्यांच्या तोंडून नोंदवा.

नोंद हा शब्द मुद्दाम वापरते आहे. तुमच्या पैशांतले अर्धे मी मुलाखतींवर घालेन. महाग काही लागत नाही. एक बऱ्यापैकी रेकॉर्डर किंवा साधा फोन चालतो, फक्त तो एअरप्लेन मोडवर टाका आणि पंखा बंद करा, नाहीतर दोन तास घरघरच ऐकू येते. संमतीपत्र मराठीत लिहा, वाचून दाखवा, आणि त्यात तीन गोष्टी असू द्या: हे कोण ऐकू शकतं, कधीपासून ऐकू शकतं, आणि मत बदललं तर ते मागे घेता येतं. ‘मी गेल्यावरच उघडा’ असं सांगणारी एक मुलाखत माझ्याकडे आहे. ती बंद आहे आणि बंदच राहील.

प्रश्न हाताला लागतील असे विचारा. ‘तेव्हा कसं वाटलं?’ विचारलं की भाषणात दिलेलंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा विचारा, सकाळी घरी काय सांगून निघालात? मुखवटा कशाचा होता, कुठे ठेवला होता? सोबत कोण होतं? घोषणा कुणी लिहिल्या? परत जाताना कपडे कुठे बदललेत? एकानं मला सांगितलं की एसटी स्टँडच्या शौचालयात त्यानं टी-शर्ट बदलला, झेंडा मैत्रिणीच्या पिशवीत दिला, आणि तो परत मागायला त्याला आठ महिने धीर झाला नाही. हे सांगताना तो हसला, मग गप्प झाला. मी रेकॉर्डर चालू ठेवला आणि काही विचारलं नाही. अशा वेळी गप्प बसता आलं पाहिजे.

कागदांचं काम याच्या जोडीनं सुरू करा, कारण ते रोज थोडं थोडं नाहीसं होतंय. झेरॉक्सच्या दुकानाची, टेम्पोची बिलं थर्मल कागदावर असतील तर त्यांची अक्षरं उडत चालली असणार, आजच फोटो काढा. जुनी कात्रणं आणि पत्रकं लॅमिनेट करू नका, कागद त्यात अडकून खराब होतो आणि परत निघत नाही. स्टेपलच्या पिना काढा, गंज चढतो. कापडी बॅनर दुमडू नका, मलमलीत गुंडाळून ठेवा. फोटो सीडीवर असतील तर ती वाचणारा संगणक आता शोधावा लागेल, तो शोधा. त्या काळातलं कितीतरी नियोजन याहू ग्रुप्सवरच्या चर्चांत झालं, आणि त्या सेवेतला मजकूर २०१९च्या अखेरीस पुसला गेला. कुणी आपल्या मेलबॉक्समध्ये जुने मेल ठेवले असतील तर त्यांच्या मागे लागा. तेव्हाच्या बातम्यांतले शब्द वाचवत नाहीत, तरी ती कात्रणंही ठेवा. सगळ्याच्या तीन प्रती करा, एक शहराबाहेर. बेंगळुरूला नॅशनल लॉ स्कूलमध्ये क्वीअर दस्तऐवजांचा एक चांगला संग्रह आहे, त्यांच्याशी बोला. मूळ प्रती कुणालाही देण्याआधी अटी लेखी घ्या.

कार्यक्रमाबद्दल थोडंच. पाहुण्या नगरसेवकांना पाच मिनिटं, तीही शेवटी. ज्यांचा सत्कार आहे त्यांना माइक द्या, त्यांच्याबद्दल दुसऱ्यांनी बोलायला नको. मंचावर पायऱ्या किती आहेत ते बघा, त्यातले काही आता साठीच्या पुढे आहेत. दारात कॅमेरा नको; फोटो नको असलेल्यांसाठी वेगळ्या रंगाची रिबन ठेवा आणि फोटोग्राफरला आधी समजावून सांगा. ज्यांना मंचावर यायचं नाही त्यांच्यासाठी आदल्या दिवशी बंद दाराआड जेवण ठेवा. मी पाहिलेले सगळ्यात सुंदर सत्कार अशा जेवणातच झाले आहेत. पंगतीत बसून लोक एकमेकांना विचारतात, तो निळा बॅनर कुणाकडे गेला रे?

आणि मानचिन्हं कमी करा. या माणसांपैकी काहींना मूलबाळ नाही, पेन्शन नाही, घरच्यांशी संबंध तुटलेले. एकाला मधुमेहाच्या औषधांचा खर्च झेपत नाही, दुसरीला घर बदलायचं आहे आणि घरमालक ट्रान्स म्हटलं की दार लावतात. भेटीत हे हळूच विचारा. एक छोटा निधी काढा, त्याचा हिशेब उघड ठेवा आणि घेणाऱ्यांची नावं बंद. सोबत दवाखान्यात जाईल, बँकेतला फॉर्म भरून देईल असा एकेक तरुण प्रत्येकाला जोडून द्या. मागच्या वर्षी एका गटानं असं केलं. त्यातल्या एका मुलीनं दर गुरुवारी एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याकडे जाता जाता त्यांच्या अख्ख्या कपाटाची यादी करून टाकली, आणि तळाशी पहिल्या मोर्चाच्या परवानगीचा मूळ अर्ज सापडला. सही वाचता येते.

पत्रिकेचा मजकूर तयार झाला की मला पाठवा, मी वाचून देईन. पण त्याआधी त्यातलं प्रत्येक नाव त्या त्या माणसाला फोनवर वाचून दाखवा, आणि ‘हो’ ऐकल्यावरच पान छपाईला जाऊ द्या.